चंद्राच्या पाठीसारखं शांत गाव

नरखेडच्या पुढे, सातपुड्याच्या घडीत दडलेल्या एका गावात मी या जानेवारीत राहून आले. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे नावाजलेलं देऊळ नाही, धबधबा नाही, आणि आपली नागपूरची माणसं सहलीलाही तिकडे फिरकत नाहीत. आम्ही गेलो होतो ते चंद्राच्या कामासाठी. हे ऐकून माझ्या भाचीनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्याच नजरेनं तुम्हीही पाहत असाल. म्हणून आधी थोडं सांगते.

मी नागपूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. नंदू पराते हा माझा एमएस्सीचा वर्गमित्र, उमरेडच्या विणकरांच्या घरातला. त्याच्या वडिलांपर्यंत घरात हातमाग चालू होता. नंदू अँटेना बनवतो. खरं म्हणजे गेली कितीतरी वर्षं तो एकच अँटेना बनवतो आहे, आणि ती ठेवायची आहे चंद्राच्या मागच्या बाजूला.

चंद्र आपल्याला कायम एकच तोंड दाखवतो. त्याच्या पाठीवर उभं राहिलं, तर आकाशात पृथ्वी कधी उगवतच नाही. आपले एफएम, आपले टीव्ही, मोबाइल, विमानतळांची रडारं, हा सगळा गोंगाट चंद्राच्या अंगावर अडतो, पलीकडे पोचत नाही. आणि नंदूला जे ऐकायचं आहे ते फार हळू आहे. एकही तारा पेटला नव्हता तेव्हा आणि पहिले तारे पेटत होते तेव्हाही, विश्वात भरलेल्या हायड्रोजनमधून निघालेली रेडिओलहर अजून वाटेत आहे. येता येता ती ताणली गेली आणि नेमकी आपल्या एफएमच्या जागेवर आणि त्याच्याही खाली येऊन बसली. पृथ्वीवरून ऐकायला गेलं तर गाणी आणि जाहिरातीच ऐकू येतात. त्याहून खालच्या लहरी तर वातावरणाचा वरचा थर आतच येऊ देत नाही. दुसऱ्या जगावरून आकाश बघणं ही काही नवी गोष्ट नाही. चंद्रावर माणसं उतरली तेव्हाच एक छोटी दुर्बीण घेऊन गेली होती. मंगळावर हिंडणाऱ्या गाड्यांनी तिथले चिमुकले चंद्र सूर्यावरून सरकताना टिपले आहेत. पण हे आदिकाळाचं ऐकायचं काम चंद्राच्या पाठीवरूनच व्हायला हवं, असं नंदू सांगतो, आणि मला ते पटतं.

एका यानात त्याच्या अँटेनाला जागा मिळण्याची शक्यता होती. अट एकच. अँटेना स्वतः आवाज करत नाही, हे आधी सिद्ध करायचं. त्यासाठी पृथ्वीवरच शक्य तितकी शांत जागा शोधून ती तिथे दोन-तीन वर्षं उभी ठेवायची. आम्ही जागेचं नाव दिलं की तेवढी वर्षं तिथे नवा टॉवर होऊ द्यायचा नाही, असं नंदू आणि मी ज्या संशोधकांच्या गटात आहोत, त्या गटाचं आणि सरकारी लोकांचं ठरलं होतं. नाव महिनाअखेर द्यायचं होतं. नाहीतर यानातली जागा दुसऱ्यांना जाणार होती. याआधी एकदा अशीच ऐन वेळी गेली होती. त्यानंतर नंदूचे केस भराभर पांढरे झाले, ते मी पाहिलं आहे.

बागांमध्ये

निघालो त्या सकाळी नागपुरात दाट धुकं होतं. वाटेत एका टपरीवर तर्री-पोहे घेतले. नंदू चमचा फिरवत राहिला आणि त्यानं ताटली तशीच परत केली. त्याच्या जुन्या व्हॅनमध्ये मागे अँटेनाचे अॅल्युमिनियमचे हात, तारांची वेटोळी आणि हवेतल्या रेडिओलहरींची रेषा पडद्यावर काढून दाखवणारं एक यंत्र होतं. काटोल मागे पडलं तेव्हा कुठे धुकं विरळ झालं.

नरखेड तालुक्यात शिरलं की दोन्ही बाजूंना संत्रा आणि मोसंबी. तोडणी सुरू होती. बांधावर फळांचे ढीग, रस्त्याच्या कडेला ट्रक. पाहणाऱ्याला फार सुरेख. आमच्या ओळखीच्या एका बागाईतदारानं मोसंबीच्या बागेमागची मोकळी जागा दिली. तिथे अँटेना उभी केली आणि पडद्यावर बघितलं, तर रेषा नव्हतीच, नुसते करवतीसारखे दात. नागपूरचं एफएम, अमरावतीचं एफएम, कुठलंतरी दूरचं हिंदी केंद्र. तेवढ्यात लाइन आली, आणि शिवारभर विहिरींवरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या. रेषा अंगात आल्यासारखी हलायला लागली. एक मोटरसायकल बांधावरून गेली, तिचीही नोंद पडद्यावर उमटली.

"इथी तं गावच्या गाव बोलून राहिलं," नंदू म्हणाला.

दुपारी आम्ही झाडाखाली डबा उघडला. तेवढ्यात वानरांची टोळी बागेत शिरली, आणि एक दांडगा हुप्प्या सरळ अँटेनाच्या हातावर जाऊन बसला. आम्ही ओरडलो तसा त्यानं उडी मारली, हात मधोमध वाकला आणि तुटला. मला हसू आलं होतं, पण नंदूकडे पाहिलं आणि ओठांवरच थांबलं. तो तुटका हात मांडीवर घेऊन मातीत बसला होता. शेवटी बागाईतदारानं संत्र्याच्या पेटीच्या फळ्या आणून दिल्या, आणि त्या बांधून हात कसाबसा सरळ केला.

"तुमाले शांतच पायजे ना जी?" बागाईतदार म्हणाला. "मंग त्या डोंगराआड जा. माह्या साडभावाचं गाव आहे तिथी. रामराव नाव. त्या गावात रेंजच नाही."

डोंगराआड

दुसऱ्या दिवशी गेलो. रस्ता आधी सागाच्या विरळ जंगलातून चढतो आणि मग एकदम खाली उतरतो. उतारावर माझ्या मोबाइलवरच्या रेघा एकेक करून गेल्या. खाली एका नाल्यावर बुटका रपटा आहे, पुरात पाण्याखाली जाणारा पूल. पाणी इतकं थोडं होतं, की बाया त्यात कपडे धूत होत्या. नंदूनं रपट्यावर गाडी थांबवली, स्वतःचा फोन बघितला आणि या प्रवासात पहिल्यांदा हसला.

गाव चारी बाजूंनी डोंगरांनी वेढलेलं आहे. वाटीच्या तळाशी असल्यासारखं. दिवसातून एकदा एसटी येते. कौलारू घरं, मधेमधे सिमेंटची, अंगणात कापसाच्या बोंडांचे ढीग. रामराव साठीच्या आसपासचे, उंच, खाली बघत बोलणारे. साडभावाचं, म्हणजे त्यांच्या साडूचं, त्या बागाईतदाराचं नाव काढताच त्यांनी स्वतःची पडीक जमीन दाखवली. आम्ही अँटेना उभी करेपर्यंत अर्धं गाव जमलं होतं.

"टॉवरवाले आले," कुणीतरी म्हणालं.

मी लगेच सांगितलं, की आम्ही टॉवरवाले नाही. चंद्रावर एक यंत्र पाठवायचं आहे, त्याची तपासणी आहे. रामरावांनी मान हलवली. "असू द्या ना जी. रेंजच मोजून राहिले ना? पह्यले असंच मोजाले येते. मंग टॉवर येते."

मी पुन्हा तोंड उघडलं, तर नंदूनं हळूच म्हटलं, "राहू दे ना वं. एवढ्या लोकायसमोर कुठी समजावतं? उद्या सांगू." मीही दमले होते. गप्प बसले.

मग जो पाहुणचार झाला, तो मी कधी विसरणार नाही. एका घरून चहा आला, दुसऱ्या घरून पुन्हा चहा. एक म्हातारी बोरं घेऊन आली आणि म्हणाली, टॉवर तिच्या घराच्या बाजूनं लावा, तिची पोट्टी सुरतेला असते. रामरावांच्या पत्नी इंदूबाईंनी वांग्याचं भरीत केलं, कच्च्या तेलाचं, पातीचा कांदा घालून, आणि ज्वारीच्या भाकरी. तुरीच्या हिरव्या शेंगा मीठ घालून उकडल्या होत्या. नागपुरातही थंडीत आपण त्या खातो, पण इथे सगळे एका परातीभोवती बसून सोलतात, आणि पाहुण्यापुढचा ढीग कमी होऊ देत नाहीत. टॉवरचं बोलणं निघालं की मी परातीकडे बघून शेंगा सोलत राहायची. भिंतीवर एका तरुणाचा फोटो होता, हार घातलेला. हार ताजा होता. कुणाचा, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी आम्ही शेतात परतलो. पडद्यावरची रेषा खाली, अगदी तळाशी, निजल्यासारखी पडली होती. एकही दात नाही. नंदूनं तारांचे सगळे जोड पुन्हा एकदा तपासले. मग त्यानं स्पीकर लावला. हळू सर्रर्र असा आवाज येत राहिला. रामराव जवळ उभे होते.

"हे तं कढईत तेल तापल्यावानी वाजून राहिलं," ते म्हणाले.

"ही आकाशगंगा आहे," मी म्हणाले. "आपल्या सगळ्या ताऱ्यांच्या मधून येणारा आवाज."

ते खूप लक्ष देऊन ऐकत राहिले. तेवढ्यात डोंगरावरून एक विमान गेलं. त्याच्या पोटावर आपटून नागपूरचं एफएम खाली सांडलं, आणि स्पीकरमधून कुठल्याशा सिनेमाच्या गाण्याची अर्धी ओळ आली आणि विरली. जमलेली माणसं हसली. नंदू हसला नाही. "पाह्यलं? इथीसुद्धा," तो मला म्हणाला. "म्हनून चंद्र पायजे. पन जमिनीवर याच्याहून चांगली जागा मिळनार नाही. हीच ती."

टेकडी

सकाळी मला घरी फोन करायचा होता. आई वाट पाहत असणार. रामराव म्हणाले, "चला, टेकडीवर जाऊ. तिथी लागते."

गावामागे एक टेकडी आहे. वर जाणारी पायवाट इतकी घासलेली, की दगड गुळगुळीत झाले आहेत. माथ्यावर एक मोहाचं झाड, आणि झाडाच्या एका विशिष्ट अंगाला उभं राहिलं तरच आवाज येतो. दोघीजणी तिथे आधीच उभ्या होत्या. एक पुण्याच्या लेकाशी बोलत होती, दुसरी सोयाबीनच्या भावाबद्दल. दोघींचं बोलणं दोघींना आणि आम्हालाही ऐकू येत होतं. इथे कुणाचंच काही खासगी राहत नाही. नागपुरात आपण बाल्कनीत जाऊन दार लोटून बोलतो, ते मला आठवलं.

माझं बोलणं झालं, त्या बाया उतरून गेल्या, आणि रामराव तिथेच उभे राहिले. झाडाच्या त्याच अंगाला.

"घरात फोटो पाह्यला ना तुमी? तो मंगेश. माहा पोट्टा."

मी नुसती मान हलवली.

"गेल्या पावसाळ्यात कपाशीत पान लागलं त्याले." साप चावला याला ते तसंच म्हणतात. "मोठा पानी होता. रपट्यावरून नाला चालला होता. गाडी इकडं येऊ शकत नवती. मंग ठरलं, अॅम्ब्युलन्स त्या काठाले बोलवाची, आन् आपन दोर लावून त्याले पार न्याचं. चार लोकायनं त्याले खाटेवर टाकून नाल्यापाशी नेलं. आन् मी फोन घेऊन इकडं चढलो."

त्यांनी खाली बोट दाखवलं. खाली गाव दिसत होतं, आणि त्याच्या पलीकडे नाला, आता दोरीसारखा बारीक.

"पान्यात रेंज ये आन् जाये. तिकडून बाई इचारे, गाव कोनतं, तालुका कोनता. सांगतलं का कटे. पुन्हा लावला का दुसरीच बाई, पुन्हा पह्यल्यापासून. पेशंटचं नाव काय, वय काय. मी इथी उभा राहून ओरडून राहिलो. शेवटी लागला. गाडी निघाली म्हने. मी धावत खाली उतरलो, तं लोक खाट घेऊन नाल्याकडून वापस येऊन राहिले होते. घराकडं."

मी हातातला मोबाइल पिशवीत ठेवला.

"इंदू मले म्हंते, तुमी त्याच्यापाशी पायजे होते. त्यानं तुमाले इचारलं, म्हने. बाबा कुठी गेले म्हने." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, मी नसतो चढलो तं गाडीले कोन बोलावलं असतं? पन चढलो, त्याचा का उपेग झाला? मले काई समजत नाही."

मग त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "टॉवर कधीलोक येईन?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. शांत बसून, एकेक वाक्य. आम्हाला या गावातली शांतताच हवी आहे. आम्ही नाव दिलं, तर दोन-तीन वर्षं इथे टॉवर होणार नाही. यंत्र चंद्रावर जाईल, आणि तिथून फार जुनी गोष्ट ऐकू येईल.

ते ऐकत होते. मधे एकदाच म्हणाले, "म्हंजे इथी काहीच लागत नाही, हेच तुमाले चांगलं वाटलं?"

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

ते ओरडले नाहीत. उतरताना घसरण आली तिथे त्यांनी मला हातही दिला. घरी पोचल्यावर त्यांनी इंदूबाईंना बाजूला नेऊन हळू आवाजात सांगितलं. इंदूबाई पीठ मळत होत्या. त्या पिठानं भरलेल्या हातांनीच माझ्यासमोर आल्या.

"चंद्रावर कोन राह्यते, बाई?"

"कुणी नाही."

"कोनीच नाही? लेकरू-बाळ, गाय-ढोर?"

"नाही."

"मंग तिथीच जा ना," त्या म्हणाल्या. "तिथी कोनाले काई होत नाही."

आणि त्या आत गेल्या. पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

परतीची वाट

शेतात नंदू पडद्यावरच्या आकृत्या जपून ठेवत होता. मी त्याला मंगेशचं सांगितलं. तो ऐकत राहिला, पण हात थांबले नाहीत.

"वाईट झालं," तो म्हणाला. "पन आपन नाव नाही दिलं तं टॉवर येईन, असं कोन म्हंते? इतक्या वर्षांत आला का?"

"नाही आला. पण पुढच्या पावसाळ्यात आपल्यामुळे आला नाही, असं मला नको आहे."

"आन् माहं?" त्यानं पहिल्यांदाच आवाज चढवला. "माह्या हातात किती यानं राहिली आहेत? हे गेलं का मंग मी काय करू? सांग ना. तू तं कॉलेजात जाऊन शिकवशीन."

तो खोटं बोलत नव्हता. ती अँटेना म्हणजे त्याची सगळी उमेद होती, लग्नाचं वयही त्यातच गेलं. आम्ही अँटेना उतरवली. रामराव आले. ते आमच्याबरोबर तारा गुंडाळू लागले, कुठेही पीळ पडू न देता. कुणी चहा आणला नाही. बोरांवाली म्हातारी तिच्या दारात उभी होती. आम्ही जवळून गेलो तेव्हा तिनं मान वळवली.

रपट्यावर नंदूनं पुन्हा गाडी थांबवली. इंजिन बंद करून उतरला, कडेला उभा राहून नाल्याकडे बघत राहिला. गुडघाभरही पाणी नव्हतं. वरच्या बाजूला, झुडपांच्या फांद्यांत, पुराच्या पाण्यानं आणून अडकवलेला गवतकचरा अजून तसाच होता, माझ्या डोक्याच्याही वर. नंदूनं तो पाहिला. बराच वेळ पाहिला.

परत येऊन त्यानं स्टिअरिंगवर हात ठेवले. "अहवाल तू लिव," तो म्हणाला. "जागा शांत आहे, पन घेऊ नये, असं लिव. माह्याच्यानं लिवनं होनार नाही."

मी तसंच लिहिलं. गटातल्या मोठ्या लोकांनी कारण विचारलं, मी दिलं. त्यांना ते पटलं की नाही, माहीत नाही. आमच्याकडे दुसरी जागा नव्हती. महिना संपला आणि यानातली जागा दुसऱ्यांच्या यंत्राला गेली. नंदूची अँटेना उमरेड रोडवरच्या त्याच्या घरात गच्चीच्या जिन्याखाली उभी आहे. तुटलेल्या हाताला पेटीच्या फळ्या अजून तशाच बांधलेल्या आहेत.

मध्ये मला वाटायचं, निदान टॉवरचं काहीतरी हलेल. मी दोन-चार कार्यालयांत जाऊन बोललेही. पावसाळा सुरू होता होता रामरावांचा फोन आला. उन्हाळ्याच्या सुरुवातीला गावात टॉवरची माणसं आली, म्हणाले. म्हातारीच्या घराच्या बाजूनंच खड्डा खोदला, सिमेंटचा पाया भरला. गावानं नारळ फोडला. मग ती माणसं सामान आणायला म्हणून गेली, ती आलीच नाहीत. उन्हाळाभर त्या चौथऱ्यावर लोकांनी लाल मिरच्या वाळत घातल्या. आता नाल्याला पाणी यायला लागलं आहे. एवढं सांगेपर्यंत फोन कटला. मी परत लावला, लागला नाही.

त्याच दुपारी मी नंदूला फोन करून हे कळवलं. पाया कुठे भरला, ते त्यानं दोनदा विचारलं.

"म्हंजे तिथी अजून शांतच आहे," तो म्हणाला.

"हो."

"आपली अँटेना आत्ता तिथी उभी राहिली असती, वं. तशीही."

आम्ही दोघांनीही फोन ठेवला नाही. त्याच्या बाजूनं उमरेड रोडवरून जाणाऱ्या ट्रकांचे हॉर्न मला कितीतरी वेळ ऐकू येत राहिले.